रंगाखालचा पत्रा

मोटारगाडी पाहिली नाहीं असा मुलगा किंवा मुलगी आज शोधूनहि सांपडणार नाहीं. परंतु गाडीचें जें चकचकीत, गोलाईदार कवच आपणांस बाहेरून दिसतें, तें कोणी व कसें घडविलें असेल, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो. कारखान्यांत आज प्रचंड दाबाचीं यंत्रें पोलादी सांच्यांत पत्रा दाबून कांहीं सेकंदांत एखादें दार किंवा छप्पर तयार करतात. जुन्या काळच्या मोटारींचे भाग मात्र पुष्कळदां बाजारांत मिळतच नाहींत. अशा वेळीं गाडीचा शौकीन घराजवळच्या लहानशा गॅरेजांत लांकडी सांचा, वाळूची पिशवी आणि हातोडा घेऊन बसतो, व सपाट पत्र्यांतून स्वतः मडगार्ड घडवितो.

ह्या विषयावर लिहिण्याचें कारण घडलें तें असें. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या घरीं आजोबांच्या वेळची एक लहान मोटार पडवींत उभी आहे. तिचा मागला मडगार्ड गंजून गेला होता, आणि चिरंजीव तो नवा घडविण्याच्या नादास लागले होते. वडील म्हणाले, "मास्तर, दोन पत्रे फुकट गेले, बोटांना पट्ट्या बांधल्या आहेत, आणि गणिताचें पुस्तक उघडलेलेंहि नाहीं. ह्याला शिक्षण म्हणावें कीं वेळ दवडणें? तुम्ही म्हणाल तर उद्यांच हत्यारें कुलपांत टाकतों."

प्रश्न रास्त होता. आम्हीं त्यांस आठ दिवस थांबण्याची विनंति केली, आणि रोज संध्याकाळीं त्या पडवींत जाऊन बसूं लागलों. तेथें जें पाहिलें व जें सांगितलें, त्याचाच हा धडा होय.

थोडा पूर्वेतिहास

जुन्या मोटारींत दोन भाग निराळे असत. खालीं पोलादी सांगाडा, ज्यास चॅसी म्हणतात. त्यावर एंजिन, चाकें व कमानी बसविलेल्या असत. वर माणसांनीं बसावयाची बॉडी. हे दोन भाग बोल्टांनीं जोडलेले असल्यामुळें जुनी बॉडी उतरवून तिच्या जागीं नवी चढवितां येत असे. ह्याचें सुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील ऑस्टिन सेव्हन ही गाडी.

इ. स. १९२१ मध्यें सर हर्बर्ट ऑस्टिन यांची कंपनी मोठ्या आर्थिक अडचणींत होती, आणि लहान गाडीची कल्पना संचालकांच्या गळीं उतरत नव्हती. तेव्हां ऑस्टिन यांनीं स्वतःच्या घरांतील बिलियर्डच्या खोलींत स्टॅन्ली एज नांवाच्या अवघ्या १८ वर्षांच्या ड्राफ्ट्समनला बसवून ह्या गाडीचे नकाशे काढविले. १९२२ सालीं गाडी लोकांपुढें आली, आणि १९३९ पर्यंत अशा सुमारें २,९०,००० गाड्या तयार झाल्या. अगदीं पहिल्या कांहीं गाड्या सोडल्यास एंजिन ७४७ घन सेंटिमीटरचें. पुढच्या व मागच्या चाकांच्या आंसांमधील अंतर आरंभीं अवघें ६ फूट ३ इंच. आणि सांगाडा इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराचा, इतका साधा कीं दोघांनीं मिळून तो सहज उचलावा.

ह्या साध्या सांगाड्यानें अनेक तरुणांस विद्या दिली. विल्यम लायन्स ह्या २१ वर्षांच्या तरुणानें विल्यम वॉल्म्स्ली ह्या भागीदारासह १९२२ मध्यें ब्लॅकपूल येथें मोटारसायकलींचे साइडकार बनविण्याचा धंदा सुरू केला. १९२७ मध्यें त्यांनीं ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर आपली स्वतंत्र, सुबक बॉडी चढविली. तोच धंदा वाढत वाढत पुढें जग्वार ह्या नांवानें जगप्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या ऑस्टिन सेव्हन गाड्या स्वस्तांत मिळत. शौकीन लोक त्यांच्या कुजलेल्या बॉड्या काढून टाकीत व हलक्या बॉड्या घरींच घडवीत. अशा गाडीला तिकडे 'स्पेशल' म्हणत. १९४८ मध्यें कॉलिन चॅपमन नांवाच्या वीस वर्षांच्या तरुणानें, पुढें जी त्याची पत्नी झाली त्या हेझेल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजांत, अशीच एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेऊन तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटविलेल्या प्लायवुडची बॉडी उभारली. लोटस ह्या शर्यतीच्या मोटारींच्या घराण्यांतील ती पहिली गाडी होय.

पालकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, हे तिघे तरुण वयानें आमच्या वरच्या वर्गांतील मुलांहून फारसे मोठे नव्हते. तथापि केवळ हातोडा उचलल्यानें कोणी लायन्स किंवा चॅपमन होत नाहीं, हें मुलांनींहि लक्षांत घ्यावें.

कागद काय सांगतो

पडवींत पहिल्याच दिवशीं आम्हीं मुलाच्या हातून हातोडा काढून घेतला आणि एक नारळ व एक कागद दिला. "हा कागद नारळावर घडी न पडतां, न फाटतां बसवून दाखव," असें सांगितलें. अर्धा तास खटपट करून त्यानें हार मानली. हार मानणें योग्यच होतें. कारण तें अशक्य आहे.

तुम्हीहि करून पहा. कागदाची नळी होते, शंकुहि होतो, कारण ह्या आकारांत कागद एकाच दिशेनें वळतो. गोलासारख्या पृष्ठभागावर मात्र त्याला एकाच वेळीं दोन दिशांनीं वळावें लागतें, आणि तेथें तो अडतो. कोणतेंहि पृष्ठ न ताणतां, न आंखडतां केवळ वाकविलें, तर त्याची मूळ वक्रता बदलत नाहीं, असा सिद्धान्त गाउस ह्या जर्मन गणितज्ञानें १८२७ मध्यें मांडला. पृथ्वीचा सपाट नकाशा कधींहि तंतोतंत खरा होत नाहीं तो ह्याच कारणामुळें, आणि मडगार्ड नुसता वाकवून होत नाहीं तोहि ह्याच कारणामुळें.

परंतु कागदाला जें साधत नाहीं तें धातूला साधतें. कारण धातु ताणतां येतो व आंखडतांहि येतो. तो कोठें ताणावा व कोठें आंखडावा, हें सांगण्याचें काम कागदच करतो. प्रथम लांकडी सांचा तयार करितात. त्यासाठीं गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या शाबूत मडगार्डाचीं मापें घेऊन त्यांची उलट बाजू काढावी लागते, जशी आरशांत दिसावी तशी. प्लायवुडच्या आडव्या व उभ्या फळ्या एकमेकींत खांचा पाडून बसवितात. त्यांच्या कडा मिळून मडगार्डाचा आकार दाखवितात. ह्या सांच्यावर कागद अंथरला म्हणजे कोठें घड्या पडतात, तर कोठें कागद चिरावा लागून चीर फांकते. जेथें घडी पडली तेथें पत्रा जास्त आहे, तो आंखडावयाचा. जेथें चीर फांकली तेथें पत्रा अपुरा आहे, तो ताणावयाचा. कागदावर ह्या जागा पेन्सिलीनें लिहून ठेवाव्या. हातोड्याचा पहिला घाव पडण्यापूर्वीं निम्मा विचार संपलेला असला पाहिजे.

आतां थोडें गणित. पत्र्याचा ३० सेंटिमीटर त्रिज्येचा वाटोळा भाग घेऊन, त्याची कड न हलवितां, मध्यभागीं ६ सेंटिमीटर फुगवटा आणावयाचा आहे, असें समजा. सपाट वर्तुळाचें क्षेत्रफळ ३० च्या वर्गाला पायनें गुणून येतें. गोलाच्या टोपीचें क्षेत्रफळ ३० चा वर्ग अधिक ६ चा वर्ग ह्यांच्या बेरजेस पायनें गुणून येतें. म्हणजे ९०० चे ९३६ झाले. क्षेत्रफळ शेंकडा ४ वाढलें. धातु कोठून नवा आला नाहीं. तेव्हां तो तेवढा पातळ झाला. १·२ मिलिमीटरचा पत्रा सर्वत्र सारखा ताणला गेला, तर सुमारें १·१५ मिलिमीटरचा राहील. परंतु सर्व घाव मध्यावरच घातले, तर तेथेंच तो फार पातळ होऊन फाटेल. मुलाचा पहिला पत्रा असाच फाटला होता.

धातूचा स्वभाव

घरगुती कामांत दोन प्रकारचे पत्रे वापरतात. एक मऊ पोलादाचा, सुमारें ०·९ मिलिमीटर जाडीचा. दुसरा ॲल्युमिनियमचा, सुमारें १·२ ते १·६ मिलिमीटरचा. अर्धा चौरस मीटर क्षेत्रफळाचा मडगार्ड ०·९ मिलिमीटर पोलादांत सुमारें साडेतीन किलोग्रॅम भरतो. तोच १·२ मिलिमीटर ॲल्युमिनियमांत सुमारें १·६ किलोग्रॅम. घनता ७·८५ व २·७ धरून हा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः ताडून पहावा.

धातूवर घाव घालीत गेलें म्हणजे तो हळूहळू कठीण होतो. धातु हा सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असतो. घावाबरोबर त्या स्फटिकांतील थर एकमेकांवरून सरकतात. सरकतां सरकतां त्यांतील दोष एकमेकांत गुंततात, आणि पुढचें सरकणें अवघड होतें. मग पत्रा आकार घेत नाहीं; जोर केल्यास चिरतो. उपाय एकच: त्यास तापवून निवूं द्यावें. उष्णतेनें नवे स्फटिक तयार होतात व पत्रा पुन्हां मऊ होतो.

हें ज्ञान मोटारीबरोबर आलेलें नव्हे. पुण्याच्या कसबा पेठेजवळील तांबट आळींत पेशवाईच्या काळापासून तांबट लोक हेंच करीत आले आहेत. भांडें ठोकतां ठोकतां तांबें कठीण झालें कीं तें भट्टींत तापवावयाचें, पुन्हां ठोकावयाचें, आणि अखेरीस हातोड्याचे ओळीनें सारखे ठसे उमटवून मठारावयाचें. मठारलेल्या हंड्यावरील ते चकाकणारे ठसे केवळ शोभेचे नव्हत. शेवटच्या त्या घावांनीं भांड्यास बळकटी येते. इंग्लंडांतील मडगार्ड आणि पुण्यांतील हंडा ह्यांचें शास्त्र एकच आहे.

ॲल्युमिनियम मऊ करतांना मात्र एक अडचण येते. पोलाद तापलें म्हणजे लाल होऊन इशारा देतें. ॲल्युमिनियम असा इशारा देत नाहीं. ६६० अंश सेंटिग्रेडला तें एकाएकीं वितळून खालीं गळतें. म्हणून कारागीर धुरकट ज्योतीनें पत्र्यावर आधीं काजळी धरतात, आणि मग स्वच्छ ज्योत फिरवून ती काजळी नाहींशी होईपर्यंतच तापवितात. कोणी साबणाची रेघ ओढून ती काळसर होण्याची वाट पाहतात. पत्रा बोलत नाहीं, तर काजळीला बोलावयास लावावयाचें, अशी ही युक्ति आहे.

पिशवी, हातोडा आणि दोन चाकें

पत्रा फुगविण्यासाठीं वाळूनें भरलेली चामड्याची पिशवी घेतात. तिच्यावर पत्रा ठेवून लांकडी मोगरीनें ठोकला म्हणजे तो खोलगट होतो. कड आंखडावयाची असेल तर तेथें मुद्दाम लहान चुण्या पाडून, त्या टोंकाकडून आंत अशा बेतानें ठोकून बसवितात, कीं धातु स्वतःतच जिरून जाडा होतो. त्यानंतर आकार गुळगुळीत करण्यासाठीं ज्याला 'इंग्लिश व्हील' म्हणतात तें यंत्र असल्यास फार सोयीचें. त्यांत वर एक मोठें सपाट चाक व खालीं एक लहान फुगीर चाक असतें. त्यांच्यामध्यें पत्रा घालून पुढेंमागें फिरविला म्हणजे प्रत्येक फेरींत तो किंचित् ताणला जातो. यंत्र नसेल तर आंतून डॉली नांवाचा गुळगुळीत लोखंडी ठोकळा धरून वरून हलक्या हातोड्यानें ठोकतात.

आमच्या विद्यार्थ्याचा दुसरा पत्रा येथेंच बिघडला होता. मध्यभाग दाबला कीं डब्याच्या पातळ बुडाप्रमाणें टक्‌ टक्‌ करी. तो बसावा म्हणून मुलानें त्यावर आणखी जोरानें ठोकलें, आणि तो आणखी सैल झाला. कारण उघड आहे. मध्यें धातु आधींच अधिक ताणला गेला होता. प्रत्येक नवा घाव त्यास आणखीच ताणीत होता. उपाय होता तो मध्याला हात न लावतां सभोंवतालचा भाग थोडा ताणण्याचा. चूक कोणत्या जातीची आहे हें ओळखल्यावांचून जोर वाढविला, तर चूकच वाढते. हें आम्हीं त्यास सांगितलें तेव्हां तो बराच वेळ त्या पत्र्याकडे पाहत राहिला, आणि हळूच म्हणाला, "सर, बीजगणितांत मी हेंच करतों."

कड, सांधा आणि सावधगिरी

मडगार्डाची मोकळी कड तशीच ठेवली तर ती हात कापते व थरथरून चिरते. म्हणून तिच्यांत तार घालून ती वळवितात. घरांतील पत्र्याच्या बादलीची कड निरखून पाहिल्यास हीच रीत दिसेल. त्यासाठीं तारेच्या व्यासाच्या अडीचपट पत्रा जास्त ठेवावा. ४ मिलिमीटरची तार असेल तर १० मिलिमीटर. पोलाद व ॲल्युमिनियम एकत्र येतात तेथें मध्यें रंगाचा किंवा रबराचा पडदा असावा. नाहीं तर ओलाव्यानें ॲल्युमिनियम झिजूं लागतें.

कांहीं गोष्टी पालकांनीं स्वतः पहाव्या. डोळ्यांस चष्मा व हातांत मोजे असल्यावांचून मुलानें पत्र्यास हात लावूं नये. ज्योतीचें व सांधण्याचें काम जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय होऊं नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापविल्यास त्याच्या धुरानें ताप भरतो. पेट्रोलची टांकी रिकामी दिसली तरी तिच्याजवळ ज्योत नेऊं नये. भरलेल्या टांकीपेक्षां रिकामी अधिक घातक, कारण तींत पेट्रोलची वाफ व हवा ह्यांचें मिश्रण असतें. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. शिवाय आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहे. नोंदणीच्या दाखल्यांत लिहिलेल्या कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. म्हणून मूळ आकाराचाच मडगार्ड घडवावा, व कांहीं बदलावयाचें झाल्यास आधीं परिवहन कार्यालयांत विचारावें.

आमचा एक अपराध

सहाव्या दिवशीं तिसरा मडगार्ड जवळजवळ तयार झाला. तो जेथें गाडीला जोडावयाचा, त्या जागेचा पत्रा खरवडतांना आंत गंज निघाला. मुलगा थकला होता. तो म्हणाला, "सर, येथें पुट्टी भरून रंग दिला तर कोणाला दिसणार आहे?" तेव्हां आम्हीं त्यास एक गोष्ट सांगितली. ती आम्ही येथें प्रथमच लिहीत आहों.

आम्ही विशींत असतांना एका स्नेह्याच्या जुन्या गाडीचा तळ दुरुस्त करून दिला. चालकाच्या आसनाखालचा पत्रा गंजला होता. तो कापून नवा सांधण्यास दोन दिवस लागले असते, आणि स्नेह्यास दुसऱ्याच दिवशीं परगांवीं लग्नास जावयाचें होतें. आम्हीं गंजावरच एक पातळ पत्रा ठेवला, कडेनें पुट्टी भरली, वर काळा रंग दिला. काम इतकें सुबक दिसलें कीं स्नेह्यानें पाठ थोपटली. पावसाळ्यांत पाणी आंत मुरलें. दिवाळीच्या सुमारास घाटांतील एका वळणावर त्यानें ब्रेक दाबतांच आसनाचा एक पाय पत्रा फाडून खालीं गेला, आणि गाडी कठड्यास घांसत जाऊन थांबली. दैवानें कोणास इजा झाली नाहीं. स्नेही गंजाला दोष देत राहिला. आम्ही गप्प बसलों. त्या कामापेक्षांहि तें गप्प बसणें आज अधिक सलतें.

पुट्टी ही वाईट वस्तु नव्हे. उत्तम पत्र्यावरील केसाएवढी उणीव भरून काढण्यास ती आहे. परंतु जेथें पत्राच नाहीं तेथें ती पत्र्याचें सोंग घेते, आणि त्या सोंगावर माणूस विश्वासानें बसतो. मुलानें पुढें कांहीं विचारलें नाहीं. त्यानें चकचकीत धातु लागेपर्यंत गंज कापून काढला. त्यांत आणखी दोन दिवस गेले.

आठव्या दिवशीं वडील पडवींत आले. मुलगा त्यांच्या हातांत सुती मोजा देऊन म्हणाला, "बाबा, डोळे मिटून हात फिरवा. डोळ्यांना न दिसणारी चूक हाताला लागते." वडिलांनीं डोळे मिटून सावकाश हात फिरविला, आणि एका जागीं थांबून म्हणाले, "येथें थोडा उंचवटा आहे."

"होय," मुलगा म्हणाला, "मला ठाऊक आहे. तेवढा कानशीनें काढावयाचा राहिला आहे. पुट्टी भरणार नाहीं."

मग त्यानें भिंतीवर टांचलेला कागद दाखविला. त्यावर ९०० आणि ९३६ हे आंकडे होते, घड्यांच्या व चिरांच्या खुणा होत्या, आणि खालीं ज्याच्या त्याच्या कारणासह दोन्ही फुकट गेलेल्या पत्र्यांची नोंद होती. वडिलांनीं तो कागद दोनदां वाचला. आम्हांस विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं पुन्हां मागितलें नाहीं, आणि आम्हांसहि तें देण्याची गरज वाटली नाहीं.

हत्यारें कुलपांत गेलीं नाहींत. मात्र त्या दिवसापासून गणिताचें पुस्तक शेगड्याशेजारीं बाकावर असतें, व रोज संध्याकाळीं प्रथम तें उघडावयाचें, मग हातोडा, असा बापलेकांत करार झाला आहे. मडगार्ड आतां रंगून गाडीवर चढला आहे. रस्त्यानें जाणारे लोक रंगाची तारीफ करतात. रंगाखालचा पत्रा कसा आहे, हें तिघांनाच ठाऊक आहे. आणि त्या मुलाला रात्रीं स्वस्थ झोंप लागण्यास तेवढें पुरेसें आहे.